देवमाशाची यादी

ज्या साली ममताचं लग्न झालं, त्या सालची ही गोष्ट. लग्न बुद्धपौर्णिमेचं, सन दोन हजार चार. ममताला फुलसावंगीला दिली आणि दुसऱ्या दिवशी मांडव सोडताना तिच्या बापाच्या, उकंडाच्या, पायात खिळा घुसला. तो पार पोळ्यापर्यंत लंगडत होता, त्यामुळं त्या घरात ते साल कोणी विसरत नाही. त्याच हिवाळ्यात उकंडा आणि त्याची बायको रुखमाबाई कापसाची बैलबंडी भरून दिग्रसला गेले, आणि एका दिवसाच्या कामाला सहा दिवस रस्त्यावर राहिले.

ती वर्षं कापसाला वाईट होती. पिकलं नाही तर घरी बसून रडायचं, पिकलं तर जिनिंगच्या कारखान्यासमोर बसून. त्या साली पिकलं होतं. सरकारी खरेदी ज्या जिनिंगमध्ये चालू होती तिथं आतले ढीग छपराला टेकले, नवा कापूस टाकायला जागा उरली नाही, म्हणून बुधवारी फाटक बंद झालं. बाहेर रांग लागली ती मैलभर. उकंडाची बंडी अठ्ठ्याऐंशीवी. माणसं बंडीखाली निजत, तीन दगडांवर भाकरी टाकत, बैलांना कुटार घालत. सकाळी एकानं फाटकापर्यंत जाऊन यायचं आणि ‘आज बी नाही’ म्हणून सांगायचं, एवढाच काय तो कामधंदा.

रांगेचा एक रिवाज होता. कागद घेऊन कोणी बंड्यांजवळून फिरलं, की तो नंबर लिहायला आला. नाव, गाव, सही नाहीतर अंगठा, आणि बाजूला आकडा. त्या आकड्यानं फाटकात घेत. केंद्रावरच्या बाबूनं बुधवारी अशी एक यादी केली होती. पण नंतर पाण्यासाठी बंड्या हलल्या, काही कंटाळून व्यापाऱ्याकडे गेल्या, काही मध्येच घुसल्या, आणि ती यादी कोणाच्याच उपयोगाची राहिली नाही.

गुरुवारी दुपारी तिथं एक मुलगी स्कूटीवर आली. दिग्रसच्याच वामनराव वकिलांची ती धाकटी, प्राची. नागपूरला कॉलेजात शिकत होती. तिच्या हातात छापील कागदांचा गठ्ठा होता आणि एक मोठं रंगीत चित्र. चित्रात काळंनिळं धूड पाण्याबाहेर अर्धं आलेलं. ती एकेका बंडीजवळ थांबायची, बोलायची, आणि लोक चित्राकडे पाहून पुन्हा तंबाखू मळायला लागायचे. अठ्ठ्याऐंशीव्या बंडीपर्यंत तिचा चेहरा पार उतरला होता.

“आजी, हा देवमासा,” ती रुखमाबाईला म्हणाली. “जगातला सगळ्यात मोठा प्राणी. याच्या शिकारीवर बंदी आहे, पण काही देश ती उठवा म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या देशांची सभा आहे. आपल्या सरकारनं तिथं शिकारीच्या विरोधात उभं राहावं, म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय.”

बंडीखालून उकंडा बोलला, “आमच्या नाल्यात बेंडूक सुद्धा पान्याची चौकशी करून येते, पोरी. तुहा मासा कुठं राह्यते?”

“समुद्रात, आजोबा.”

“मंग समुद्रावाल्याइले विचार.”

शेजारची बंडी भीमसिंगची. तो आणि त्याची बायको जमनी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. भीमसिंग खाली उतरून चित्राजवळ आला. “मारून काय करते त्याचं? खाते?”

“खातात. पूर्वी तेल काढायचे.”

“आपुन बकरं खातो. त्याइनं मासा खाल्ला त आपल्या पोटात काहून दुखावं?”

प्राचीला हा प्रश्न आधीही कोणी विचारला असावा. ती म्हणाली, “बकरी वर्षा-दीड वर्षात दोनदा विते, काका. ही दोन-तीन वर्षांत एकदा. आणि एकच पिल्लू.”

“विते?” रुखमाबाईनं मान वर केली. “मासा अंडे देते ना वं.”

“नावाचाच मासा आहे, आजी. ही पिल्लाला अंगावर पाजते.”

जमनी बंडीवर बसून ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. “पान्यात? पान्यात कशी पाजते? दूध वाहून नाही जात?”

“घट्ट असतं. लोण्यासारखं. पिल्लू जवळ आलं की ती त्याच्या तोंडात सोडते.”

“अन् थिले मारते तवा पिलू काय करते?”

“तिथंच राहतं. आईला सोडून जात नाही. शिकाऱ्यांना ते माहीत असतं. आधी पिल्लाला जखमी करायचे कधी कधी, म्हणजे आई लांब जात नाही.”

जमनीनं निवडलेली ज्वारी पुन्हा सुपात टाकली आणि पुन्हा निवडायला लागली.

उकंडा बंडीखालून बाहेर आला. “मले एक सांग. छप्पन साली माह्या बापानं घरातले सगळे देव गाठोड्यात बांधले अन् नदीत सोडून आला. मी सोबत होतो. आता तू म्हंते देवमासा वाचवा. म्हंजे आमी सोडलेले देव फुगून एवढाले झाले काय?”

भीमसिंग हसला. प्राचीला हसावं की माफी मागावी ते कळेना. “नाव आहे हो ते नुसतं, आजोबा.”

“तुमी चूप बसा,” रुखमाबाई नवऱ्याला म्हणाली. “दर रविवारी विहारात काय म्हंता? पयलं शील कोन्तं हाय? जीव मारू नये, मासा सोडून, असं लिवलं हाय काय त्यात?” आणि प्राचीकडे वळून म्हणाली, “दे पेन.”

रुखमाबाई बावन्न वर्षांची झाल्यावर अक्षरं शिकली होती. विहारात राजदीप नावाचा गावचाच पोरगा साक्षरतेचा वर्ग घ्यायचा, तिथं. आजवर तिनं सही केली ती रेशनच्या नाहीतर ग्रामसभेच्या वहीवर. तिथं काय ठरायचं ते आधीच ठरलेलं असे, सही फक्त मागून मागत. हा कागद कशाचा ते विचारून, ऐकून घेऊन, पटलं म्हणून सही करायची ही तिची पहिली वेळ. तिनं पहिल्या ओळीत, एक आकड्यासमोर, लिहिलं: रुखमाबाई उकंडा मनवर. वेळ लागला. प्राची थांबली.

“मला दोनशे हव्यात,” प्राची म्हणाली. “वडिलांच्या कॉलनीत तेवीस झाल्या. शनिवारी चारच्या एसटीनं मी यवतमाळला जाते, तिथून पुढं नागपूर. रविवारी सगळे कागद एकत्र दिल्लीला जाणार. हे कोरेच परत न्यावे लागतील असं दिसतं.”

“ठेवून जा,” रुखमाबाई म्हणाली. “आमी इथंच हाव. मी सांगतो समद्याइले. शनिवारी ये अन् ने. सांगून घेईन, फसवून घेनार नाही.”

हा शब्द तिनं आपणहून दिला. कोणी मागितला नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिनं फाटकापासून सुरुवात केली. पहिली बंडी धावजी नाईकाची. तो तांड्याचा जुना माणूस, ऐकायला कमी येत असे. त्याला तिनं चित्र दाखवलं, दुधाचं सांगितलं, पिल्लाचं सांगितलं. त्यानं सगळं दोनदा विचारलं आणि अंगठा दिला. दुसऱ्या बंडीवर पुन्हा तेच. तिसऱ्या बंडीवर पुन्हा. वीस बंड्या होईपर्यंत तिचा घसा बसला आणि ऊन चढलं. मग एक गोष्ट झाली. तिच्या पुढच्या बंड्यांवरची माणसं ती यायच्या आधीच उठून उभी राहायला लागली. कोणी पेन तिच्या हातून ओढून घेई, कोणी अंगठा पुढं करी. एका बंडीवर नवरा-बायको दोघंही नाव लिहून मोकळे होत. ती “देवमासा” म्हणेपर्यंत सही झालेली असे. तिला वाटलं, गोष्ट तिच्या पुढं पुढं चालली आहे, या बंडीवरून त्या बंडीवर लोकच सांगताहेत. चांगल्या गोष्टीला पाय फुटतात म्हणतात, तसं.

देवीलाल नावाचा तरुण शेतकरी होता, त्यानं सही केली आणि विचारलं, “मावशी, माहा कितवा?”

“चौऱ्याऐंशी,” कागदावर पाहून तिनं सांगितलं.

देवीलालनं मान डोलावली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. रुखमाबाई पुढच्या बंडीकडे निघाली, आणि चार पावलं गेल्यावर तिला उमगलं, की तो देवमाशाचा कितवा हे विचारत नव्हता, फाटकाचा विचारत होता. ती तिथं थांबली. मागं वळून सांगावं असं तिला वाटलं. पण हातात चौऱ्याऐंशी नावं होती, आणि पुढं माणसं उभी राहून वाट पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं तिच्या हातातल्या कागदाची वाट पाहत होती. ती पुढं गेली. संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा नावं झाली. रात्री तिनं नीट भाकर खाल्ली नाही. उकंडानं विचारलं तर म्हणाली, घसा दुखते.

शनिवारी सकाळी फाटक उघडलं. आतला माल उचलला गेला होता. बाबू खुर्ची घेऊन बाहेर बसला. दरम्यान रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला आठ ट्रॅक्टर येऊन लागले होते. व्यापाऱ्यांचे होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ड्रायव्हर म्हणत होते, आम्ही शेतकरीच, आणि आम्ही आधी आलो.

“यादी कोणाजवळ आहे?” बाबूनं विचारलं.

“रुखमामावशीजवळ,” दहा तोंडं एकदम बोलली, आणि एका पोरानं धावत येऊन बंडीवरची पिशवीच उचलून नेली. रुखमाबाई त्याच्या मागं निघाली. ती फाटकाशी पोचली तेव्हा बाबू कागद उलटून पाहत होता.

“वर इंग्रजीत काय छापलंय हे? असो. नावं आहेत, सह्या आहेत. यात ज्याचं नाव नाही त्यानं शेवटी जायचं.” हे त्यानं ट्रॅक्टरकडे पाहून म्हटलं, आणि रांगेत समाधान पसरलं. “चला. नंबर एक. रुखमाबाई उकंडा मनवर.”

कोणी पुढं झालं नाही.

“कुठं आहे बंडी?”

“तिची बंडी त पार मांगं हाय,” कोणीतरी म्हणालं. “पयली धावजी नाईकाची.”

तेव्हा देवीलाल बोलला. ओरडून नाही, शेजाऱ्याला सांगावं तसं. “पाह्य बाप्पा. चार अक्षरं शिकली त पयला नंबर सोताचा लावला.”

रुखमाबाईला आयुष्यात लोक पुष्कळ काही बोलले होते, जातीवरून बोलले होते, त्याची तिला सवय होती. पण चोर कोणी म्हटलं नव्हतं. ती बाबूच्या खुर्चीजवळ गेली.

“हा कागद नंबराचा नोहे,” ती म्हणाली. “हा देवमाशाचा हाय. मले परवाच्या पोरीनं देला. मी काल सांगत आलो, पन मांगून कोनी आयकलं नाही, अन् मंग मीच सांगनं सोडून देलं. याले नंबर विचारला तवा मले कळलं होतं. तरी मी बोललो नाही. थे माहं चुकलं.”

आधी हशा पिकला. मग मागून एकजण म्हणाला, “म्हंजे काल दिवसभर आमी माशाच्या नंबरानं बसलो काय?” आणि हसू विरलं. ट्रॅक्टरच्या एका ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. बाबूनं कागद बाजूला ठेवले. आता जो आधी घुसेल त्याचा पहिला नंबर, हे सगळ्यांना दिसत होतं.

धावजी नाईकाला शेजाऱ्यानं कानात सगळं ओरडून सांगितलं. तो बंडीवरून उतरला, आणि काठी आडवी धरून फाटकात उभा राहिला. “काल ही बाई फाटकापासून चालत गेली,” तो म्हणाला. “मी पाह्यलं. तिचं नाव सोडलं त बाकी रांग बराबर हाय. दुसरा कागद लिवा.”

“कोण लिहिणार?” बाबूनं विचारलं. “माझा माणूस काट्यावर आहे.”

“मी लिहितो,” रुखमाबाई म्हणाली. “अन् माही बंडी शेवटी टाकतो. ट्रॅक्टराच्या पुढं, पन बाकी समद्याइच्या मांगं.”

उकंडा लंगडत नव्हता तरी हळू चालत तिथं पोचला होता. त्यानं बायकोला एका बाजूला घेतलं. “मले विचारलं असतं त?”

“विचारलं असतं त तुमी काय म्हटलं असतं?”

“नाही म्हटलं असतं.”

“म्हनून नाही विचारलं.”

बाबूनं तिला कोरे कागद आणि अंगठ्याच्या शाईचं खोकं दिलं. सकाळचे दहा वाजले होते. चार वाजता एसटी. ती पुन्हा पहिल्या बंडीपासून निघाली, आणि यावेळी प्रत्येक बंडीवर दोन कामं केली. एका हातातल्या कागदावर बंडीचा नंबर, नाव, गाव लिहायचं. मग देवमाशाचा कागद पुढं करून विचारायचं, ‘हा त्या माशासाठी हाय. याच्यात तुमचा काही फायदा नाही, तोटा नाही. नाव ठेवू का काढू?’ काढ म्हटलं की त्या नावावर रेघ ओढायची. जमनी सोबत आली. चित्र तिच्या हातात, आणि दुधाचं सांगायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. तिच्या सांगण्यात पिल्लू रडत होतं. प्राचीनं असं काही सांगितलं नव्हतं, पण रुखमाबाईनं तिला अडवलं नाही.

धावजी म्हणाला, ठेव. त्याच्या मागच्यानं काढ म्हटलं. सोनीबाई नावाची बाई म्हणाली, “माहं राहू दे. माह्या मानसाचं काढ, तो जिवंत कोंबडा पाह्यला तरी मसाल्याचं विचारते.” तिचा माणूस तिथंच बसला होता. त्यानं काही हरकत घेतली नाही. एक म्हातारा म्हणाला, “हा कागद दिल्लीले जाईन?”

“म्हंते त खरी.”

“मंग राहू दे. मी पुसदच्या पुढं गेलो नाही, नाव तरी जाऊ दे.”

बहुतेकांना मात्र वैताग आला होता. मासा जगला काय अन् मेला काय, आमचा नंबर बरोबर लिही, असं ते म्हणत, आणि ती लिही. अक्षर लावायला तिला वेळ लागे. जोडाक्षर आलं की ती ओठांनी म्हणून पाही, मग लिही. मागून फाटकात बंड्या जात होत्या, म्हणजे तिला त्यांच्या पुढं राहायला हवं होतं. दुपारी ती जेवली नाही.

देवीलालच्या बंडीशी ती आली तेव्हा तो बैलाच्या आड जाऊन उभा राहिला. तिनं नंबर लिहिला. मग दुसरा कागद पुढं केला. “ठेवू का काढू?”

“काढ,” तो म्हणाला. तिनं रेघ ओढली आणि पुढं गेली. त्यानं तिला पाणी विचारलं. तिनं ते पिऊन घेतलं.

साडेतीनला शेवटची बंडी झाली. दोनशे चौदातली सत्त्याण्णव नावं उरली होती. एकशे सतरा नावांवर रेघा होत्या. प्राची आली, कागद हातात घेतले आणि उलटत गेली. तिचा आवाज बदलला. “आजी, हे काय? एवढ्या सगळ्या खोडल्या?”

रुखमाबाईनं काय झालं ते सांगितलं.

“पण त्यांनी सह्या तर केल्या होत्या ना. तशाच दिल्या असत्या तर दिल्लीत कोणाला कळणार होतं? आता तेवीस आणि सत्त्याण्णव. दोनशे होत नाहीत.”

“दिल्लीत नाही कळलं, बेटा. पन मी तुले म्हटलं होतं सांगून घेईन. अन् हे लोक माह्या शेजारी बंडी लावते, उद्या बी लावनार हाय.”

प्राचीला ते पटलं की नाही कळलं नाही. वेळ नव्हता. तिनं कागद फाइलीत घातले, पहिल्या पानावर पहिली सही तशीच होती, ती पाहिली, आणि “येते आजी” म्हणून निघाली. एसटी तिला मिळाली.

संध्याकाळपर्यंत नव्वदेक बंड्या मोजून झाल्या. उकंडाचा मूळ नंबर असता तर त्यांची झाली असती. रविवारी केंद्र बंद. सोमवारी दुपारी, एकशे चाळीस बंड्यांच्या मागून, त्यांची बंडी काट्यावर गेली. तोवर आणखी दोन रात्रींचं दव कापसावर पडलं होतं. ग्रेडरनं मुठीत कापूस धरून पाहिला आणि एक प्रत खाली लावली, म्हणजे भाव तेवढा कमी. रिकामी बंडी गावाच्या वाटेला लागली. मग उकंडा म्हणाला, “तुह्या माशानं एक प्रत खाल्ली.”

“खाऊ द्या,” ती म्हणाली.

उन्हाळ्यात प्राचीचं कार्ड आलं. सगळीकडून आलेल्या सह्या दिल्लीला पोचल्या, असं त्यात होतं. सभेत काय झालं ते नव्हतं. कार्ड रुखमाबाईनं स्वतः वाचलं, मग तांड्यावर जाऊन जमनीला वाचून दाखवलं. जमनीनं पिल्लाचं विचारलं. कार्डात पिल्लाबद्दल काही नव्हतं.

पुढच्या हंगामात पुन्हा रांग लागली, पहिल्यापेक्षा लहान. पहिल्याच दिवशी देवीलाल वही घेऊन त्यांच्या बंडीशी आला. “मावशी, तूच लिव,” तो म्हणाला. “पन अवंदा कोन्त्या जनावराचं हाय थे आधी सांग.”

“अवंदा तुमचंच हाय,” ती म्हणाली आणि वही घेतली. त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्या हंगामातही यादी तिनं लिहिली. स्वतःचं नाव बंडी जिथं उभी असेल तिथंच लिही, पुढं नाही आणि मागंही नाही. नंतर ती खरेदी दुसरीकडं गेली.

धावजी नाईक दोन हजार सात साली होळीच्या आधी वारला. उकंडा दोन हजार नऊच्या भादव्यात तापानं गेला, तीन दिवस आजारी होता. रुखमाबाई मनवर दोन हजार बाराच्या माघ महिन्यात, मंगळवारी सकाळी, लेकीच्या घरी फुलसावंगीला वारली.